वय झाले आहे, एवढ्यावर न थांबणारी तपासणी : ज्येष्ठ कुत्र्यांसाठीच्या एका सेवेचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोड भागातील या पशुवैद्यकीय दवाखान्यात वयस्क कुत्र्यांसाठी आधी वेळ ठरवून एक स्वतंत्र, सविस्तर तपासणी केली जाते. माझा हा अभिप्राय तेवढ्या एका सेवेपुरताच आहे. लसीकरण, नसबंदी किंवा केस कापणे यांसाठी मी येथे गेलेलो नाही, त्यामुळे त्यांबद्दल लिहिणार नाही. ज्यांच्या घरचे कुत्रे दहा-बारा वर्षांचे झाले आहे, दिवसेंदिवस खंगत चालले आहे आणि नेमके काय बिघडले आहे हे कोणालाच सांगता येत नाही, त्यांना या सेवेचा काय उपयोग होऊ शकतो, हे तपशिलाने सांगावेसे वाटते. त्या अवस्थेत घर किती हवालदिल होते, हे आम्ही अनुभवले आहे.

आमचा खंड्या गावठी आहे आणि त्याला तेरावे वर्ष चालू आहे. पावसाळा संपता संपता त्याच्या पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागू लागले. दुधात कुस्करलेली भाकरी तो अर्धी टाकून देऊ लागला, मागचे पाय उठताना घसरू लागले आणि रात्री दोन-अडीचच्या सुमारास तो उगाचच या खोलीतून त्या खोलीत फिरू लागला. यांपैकी एकही तक्रार अशी नव्हती की जिच्याकडे बोट दाखवून हाच आजार म्हणता येईल. उलटी नाही, जुलाब नाहीत, अंगात ताप नाही. दुसऱ्या एका ठिकाणी दोन वेळा दाखवले, तेव्हा जीवनसत्त्वांचे इंजेक्शन आणि यकृताचे टॉनिक मिळाले आणि वय झाल्याचे सांगण्यात आले. वय झाले आहे हे खरेच होते. मात्र वयामुळे काय होते आहे आणि आजारामुळे काय होते आहे, यांची फारकत कोणीतरी करून द्यायला हवी होती, आणि ती येथे झाली.

या तपासणीसाठी पाऊण तासाची वेळ राखून ठेवलेली असते आणि त्यातला निम्मा वेळ केवळ विचारपूस करण्यात जातो. डॉक्टरबाईंनी खंड्याला हात लावण्याआधी माझ्या आईकडे मोर्चा वळवला, कारण दिवसभर त्याच्यासोबत तीच असते. "काकू, तो पाणी किती पितो? भांडे दिवसातून किती वेळा भरावे लागते?" हा पहिला प्रश्न होता. आईने सांगितले की पूर्वी एकदा भरलेले भांडे संध्याकाळपर्यंत पुरायचे, आता दुपारीच कोरडे पडते. मग लघवीचा रंग, घास चावताना मान एका बाजूला कलते का, जिना चढायला नको म्हणतो की उतरायला, झोपलेल्या जागी अंथरूण ओले होते का, हाक मारल्यावर उशिरा वळतो की वळतच नाही, असे एकामागून एक प्रश्न आले. पाय घसरणे आणि पाणी जास्त पिणे या गोष्टी आमच्या मनात एकमेकींपासून अगदी वेगळ्या होत्या. कागदावर त्या शेजारी-शेजारी लिहिल्या गेल्या, तेव्हा त्यांचा काही संबंध असू शकतो हे आम्हाला पहिल्यांदा जाणवले.

रक्तदाब मोजण्याची पद्धत मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण कुत्र्यांचा रक्तदाब मोजतात हेच मला ठाऊक नव्हते. खंड्याला टेबलावर चढवले नाही. जमिनीवर रबरी चटई अंथरली, डॉक्टरबाई स्वतः तिच्यावर मांडी घालून बसल्या आणि तो हुंगून, फिरून, अखेर आईच्या पायाशी टेकेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग पुढच्या पायाला दोन बोटे रुंदीचा पट्टा गुंडाळला, पंजाखालचे थोडे केस काढून तेथे जेल लावले आणि एका छोट्या यंत्रातून नाडीचा फस्‌-फस्‌ असा आवाज खोलीत ऐकू येऊ लागला. पहिला आकडा त्यांनी लिहून घेतलाच नाही. घाबरलेल्या जनावराचा पहिला आकडा नेहमी चढा येतो, म्हणून तो सोडून पुढच्या पाच-सहा आकड्यांची सरासरी धरायची असते, असे त्यांनी समजावले. सरासरी (रक्तदाबाच्या वरच्या आकड्याची) १७० च्या आसपास आली. हा आकडा सतत १६० च्या पुढे राहिला तर डोळे, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांना इजा होऊ शकते आणि काही कुत्र्यांची दृष्टी एकाएकी जाते.

या सेवेत मला सर्वांत मोलाची वाटली ती चाचण्या निवडण्याची रीत. तक्त्यावर पॅकेजे छापून, त्यातले मोठे घ्या असा आग्रह येथे होत नाही. प्रत्येक चाचणीच्या आधी डॉक्टरबाई सांगतात की ती कशासाठी आहे आणि तिचे उत्तर असे आले तर उद्यापासून उपचारात काय बदलेल, तसे आले तर काय बदलेल. ज्या चाचणीच्या उत्तराने काहीच बदलणार नाही, ती त्या करायला लावत नाहीत. खंड्यासाठी त्यांनी रक्ताची संपूर्ण तपासणी, मूत्रपिंड-यकृताच्या चाचण्या, लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी एवढ्या गोष्टी सुचवल्या.

आधीच्या अहवालात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात ते टाकाऊ द्रव्य, ठीक होते, म्हणजे मूत्रपिंडे चांगली आहेत असे आम्ही धरून चाललो होतो. येथे कळले की क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, त्यामुळे ज्या कुत्र्याचे मांस झडले आहे त्याच्या रक्तात ते मुळातच कमी सापडते; शिवाय मूत्रपिंडांची सुमारे तीन-चतुर्थांश क्षमता जाईपर्यंत ते फारसे वाढतही नाही. म्हणून त्यांनी एसडीएमए नावाची चाचणी करायला सांगितली, जी स्नायूंच्या प्रमाणावर तितकी अवलंबून नसते आणि बिघाड बराच आधी दाखवते. लघवीतील प्रथिनांचे क्रिएटिनिनशी असलेले गुणोत्तरही त्यांनी काढायला लावले. निरोगी कुत्र्यात ते ०.२ च्या खाली असते आणि ०.५ च्या वर गेले की मूत्रपिंडांतून प्रथिने गळत आहेत असे मानतात. खंड्याचे १.८ आले. वजन का उतरत होते, याच्या उत्तराचा एक मोठा भाग तेथे मिळाला.

दुसरा भाग मिळाला प्लेटलेटच्या आकड्यात. यंत्राने तो ९० हजार दाखवला, जो कमी आहे. पण प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तर यंत्र चुकीचा आकडा देते, म्हणून काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा मोजणी झाली आणि त्या खरोखरच कमी निघाल्या. सोबत रक्तातील प्रथिनांपैकी ग्लोब्युलिन वाढलेले आणि अल्ब्युमिन घटलेले. आपल्याकडे गोचीडताप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एर्लिकियाचा संशय येथून पुढे आला. हा जंतू तपकिरी गोचिडीमार्फत पसरतो आणि पहिला ताप ओसरल्यावर काही कुत्र्यांच्या शरीरात महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे दबून राहतो. मग अस्थिमज्जा (जेथे रक्तपेशी आणि प्लेटलेट तयार होतात) आणि मूत्रपिंडांवर सावकाश परिणाम करत राहतो.

प्रतिपिंडांची, म्हणजे जंतूशी लढण्यासाठी शरीर तयार करते त्या प्रथिनांची, झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा आम्हाला हायसे वाटले की एकदाचे निदान झाले. डॉक्टरबाईंनी मात्र आम्हाला थांबवले. प्रतिपिंड सापडले याचा अर्थ या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढाच होतो, आणि गोचिडी असलेल्या गल्लीत वाढलेल्या बहुतेक गावठी कुत्र्यांत ते सापडू शकतात. आजचा आजार त्याचाच आहे असे केवळ या चाचणीवरून म्हणता येत नाही. पण प्लेटलेट, ग्लोब्युलिन आणि प्रथिनांची गळती या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने जात असल्यामुळे उपचार करणे योग्य ठरेल, असे त्यांचे मत पडले. जेवढी खात्री होती तेवढीच सांगितली गेली. घाबरलेल्या माणसाला पक्के नाव हवे असते आणि ते देऊन टाकणे डॉक्टरला सोपे असते, म्हणून हा प्रामाणिकपणा मी फार मोठा मानतो.

डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा २८ दिवसांचा क्रम, रक्तदाब आणि प्रथिनांची गळती या दोहोंसाठी टेल्मिसार्टन आणि आहारात बदल असे उपचार ठरले. गोळी भरल्या पोटी द्यायची आणि वर पाणी पाजायचे, हे केस पेपरवर मराठीत, ठळक अक्षरांत लिहून मिळाले. आईला त्याचा फार आधार वाटला. मूत्रपिंडाच्या आजारासाठीचे तयार खाद्य महाग असते आणि खंड्या त्याला तोंड लावेना, तेव्हा भात, अंड्याचा पांढरा भाग, थोडे चिकन आणि तूप यांचे प्रमाण त्यांनी वजनानुसार ठरवून दिले, हाडे आणि काळीज पूर्ण बंद केले आणि त्यात मिसळायची खनिजांची पूडही लिहून दिली. घरातल्या गोचिडींकडेही लक्ष वेधले. गोचीड आपल्या आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नसून भिंतीच्या भेगांत, चौकटीमागे असते आणि एक मादी हजारो अंडी घालते, त्यामुळे कुत्र्याला गोळी देऊन घर तसेच सोडले तर उपयोग होत नाही.

महिन्याभराने प्लेटलेट दीड लाखाच्या वर गेल्या, वजन उतरायचे थांबले आणि ताट चाटून पुसून स्वच्छ होऊ लागले. मूत्रपिंडांचा आजार मात्र राहणारच आहे. चार टप्प्यांपैकी तो दुसऱ्या टप्प्यात आहे, आणि तेथेच जास्तीत जास्त काळ थोपवून धरणे हा आता प्रयत्न आहे. मागच्या पायांच्या अशक्तपणाचे कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. एमआरआयसाठी त्याला मोठ्या शहरात नेऊन भूल द्यावी लागेल, या वयात आणि या मूत्रपिंडांसह शस्त्रक्रिया करण्याचा आमचा विचार नाही, मग त्या चित्राचा खंड्याला काय लाभ, असा प्रश्न डॉक्टरबाईंनी विचारला आणि निर्णय आमच्यावर सोपवला. आम्ही एमआरआय केला नाही. त्याऐवजी फरशीवर जाड सतरंज्या अंथरल्या, नखे आणि पंजांतले केस वेळच्या वेळी कापून घेतो आणि पोटाखालून धरायचा आधारपट्टा वापरतो.

रात्रीच्या येरझाऱ्या लघवी लागल्याने असू शकतात, रक्तदाबाने असू शकतात किंवा म्हातारपणी मेंदूत होणाऱ्या बदलांमुळेही असू शकतात. झोपण्याआधी बाहेर नेण्याची वेळ पुढे ढकलल्यावर आणि औषध सुरू झाल्यावर त्या बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण थांबल्या नाहीत. पॅसेजमध्ये आता मंद दिवा असतो.

घरी काय पाहायचे, हेही येथे शिकवले जाते. पाणी मोजून ठेवायचे. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरच्या वर गेले तर कळवायचे. गाढ झोपेत मिनिटाला श्वास मोजायचे. ते सतत तीसच्या पुढे असतील तर वाट पाहत थांबायचे नाही, लगेच कळवायचे. आठवड्यातून एकदा वजन. अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी मांडलेली जीवनमानाची मोजपट्टीही त्यांनी मराठीत करून दिली आहे. तिच्यात वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना दहापैकी गुण द्यायचे असतात, आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर जनावराचे जगणे सुसह्य आहे असे धरतात. आई आणि मी वेगवेगळे गुण देतो आणि मग ताडून पाहतो. पुढे कधी कठीण निर्णयाची वेळ आली, तर त्या वेळी केवळ आमच्या जिवाची घालमेल हाताशी नसेल, त्याच्या दिवसांची नोंदही असेल.

उणिवाही आहेत आणि त्या दूर व्हायला हव्यात. प्रतीक्षेची खोली एकच असल्यामुळे मांजरे आणि कुत्री समोरासमोर बसतात, आणि अशक्त जनावराला तो गोंगाट सोसत नाही. दाराशी तीन पायऱ्या आहेत. ज्या दवाखान्यात म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी एवढा विचार होतो, तेथे उतार नसावा हे खटकते. सोनोग्राफी रोज होत नाही. एसडीएमएचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला काही दिवस लागतात. रात्रीची तातडीची सेवा नाही, त्यामुळे रात्री कोठे जायचे हे आधीच विचारून ठेवावे. सविस्तर तपासणीचे शुल्क ८०० रुपये आहे आणि चाचण्यांचा खर्च वेगळा. आमचा पहिल्या फेरीचा खर्च साडेसहा हजारांच्या घरात गेला, जो अनेक घरांना जड जाईल. मात्र चाचण्या टप्प्याटप्प्याने करायची मुभा मिळते आणि प्रत्येक रकमेची पावती मिळते.

काउंटरवर एक सूचना लावली आहे, ती येथे न येणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी : माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला स्वतःच्या मनाने देऊ नयेत. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी जठराला आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा होते, आणि लंगडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला कळवळून नेमकी तीच गोळी दिली जाते.

वेळ फोनवरून घ्यावी लागते आणि सहसा आठवड्याभराने मिळते. जाताना जुने सगळे अहवाल, चालू औषधांच्या पाकिटांसह, बरोबर न्यावेत; कुत्रा चालताना आणि उठताना कसा दिसतो याचे मोबाइलवर चित्रण करून न्यावे, कारण दवाखान्यात तो वेगळाच वागतो; आणि त्या सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या बाटलीत धरून दोन तासांच्या आत तेथे पोहोचवावी. दिवसभर त्याच्याजवळ जे असते, त्या घरच्या माणसाला सोबत न्यावे.