हजर पर्वताच्या दगडी वाटेवर टायरमध्ये हवा किती: ३३, २५ की १८?

ओमानमध्ये मस्कतहून वादी बनी औफला (वादी म्हणजे एरवी कोरडी, पावसात वाहणारी डोंगरातली नदी) जायचं ठरलं की गुरुवारी रात्री ग्रुपवर वाद पेटतो. एक जण म्हणतो, दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी हवा ठेवा, कंपनीला आपल्यापेक्षा जास्त कळतं. वहिबाच्या वाळवंटात गाडी घालणारा लगेच ‘१५ करा, गाडी लोण्यासारखी जाते’ असं टाकून मोकळा होतो. मधले सगळे गप्प, कारण सोबत बायकापोरं, मागे कूलर आणि डबे, आणि टायर शोरूममधून आले तेच.

हे लिखाण त्या मधल्यांसाठी आहे. हवेचे सगळे आकडे पीएसआयमध्ये, म्हणजे टायरच्या दाबाच्या नेहमीच्या एककात. गाडी प्राडो, पजेरो किंवा फॉर्च्युनर. टायर हायवेचे, फार तर ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे. वाट अल हमरा गावाहून शरफ अल अलमैनच्या माथ्यावर चढून पलीकडे ‘हात’ आणि ‘बिलाद सैत’ या गावांकडे उतरणारी. वर जाईपर्यंत डांबर आहे. खरी परीक्षा उतारावर सुरू होते: एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, खाली मुठीएवढे सुटे दगड.

हे दगड एका जातीचे नसतात. वादीच्या पात्रातले पुराच्या पाण्यानं घासून गोल झालेले असतात. ते टायरला ढकलतात, कापत नाहीत. रस्ता फोडताना डोंगरातून निघालेल्या चुनखडीच्या कपच्यांना मात्र सुरीसारखी धार असते, आणि ग्रेडर (कच्चा रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरून गेला की त्या रस्ताभर पसरतात. तुमच्या वाटेवर यांतलं काय जास्त आहे, यावर अर्धा निर्णय होतो.

रस्त्याचीच हवा, ३२ ते ३५

सगळ्यात सोपा पर्याय: काही करायचं नाही. टायर फुगलेला असल्यामुळे साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आत राहते, कपचीला सहज सापडत नाही. ही बाजू खरी आहे आणि हवा सोडा म्हणणारे ती सांगत नाहीत. पण ताठ टायर दगडाला जागा देत नाही. धारदार टोक ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात, थेट घुसतं, ट्रेडचे तुकडे निघतात, आणि प्रत्येक धक्का सस्पेन्शनमार्गे मागच्या सीटवरच्या आजीच्या पाठीपर्यंत पोचतो. सुट्या खडीच्या चढावर चाक जागच्या जागी फिरतं आणि खालचे दगड मागच्या गाडीवर उडतात. थोडाच कच्चा रस्ता असेल, गाडी सावकाश न्यायची तयारी असेल आणि जवळ कॉम्प्रेसर नसेल, तर हे चालतं. पूर्ण वादी उतरायची असेल तर नाही.

साधारण पाव भाग कमी, २४ ते २६

माझं मत इथेच पडतं. ३३ चे २५ केले की टायर जमिनीला लांबट टेकतो. रुंदी फारशी वाढत नाही, टेकणारी लांबी वाढते. त्यामुळे पकड येते, टोकदार दगडावर रबर थोडं दबून त्याला सामावून घेतं, आणि साईडवॉल फार बाहेर फुगत नाही. वेगाला मात्र लगाम हवा: सपाट खडीवर ५० पर्यंत, उतारावर फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर) टाकून इंजिनच्या ब्रेकवर. २५ ची हवा आणि ८० चा वेग म्हणजे दोन्ही पर्यायांतलं वाईट तेवढं पदरात पाडून घेणं.

सात माणसं आणि सामान असेल तर मागच्या टायरांत २-३ पीएसआय जास्त ठेवा. दगडी वाटेवर रिमला मार बसतो तो बहुतेक मागेच.

१८ ते २०, आणि त्याखाली

हा आकडा खोटा नाही, फक्त तो दुसऱ्या गाडीचा आहे. अमेरिकेत युटाच्या मोआबमध्ये १५ किंवा त्याहूनही कमी हवेवर खडक चढणाऱ्या जीप व्हिडिओत दिसतात. तिथला खडक बराचसा सलग, खरखरीत वालुकाश्म आहे. टायर ३५ इंची, साईडवॉल जाड, आणि पुष्कळांच्या रिमवर बीडलॉक, म्हणजे हवा कमी असली तरी टायर रिमवरून निसटत नाही. आपल्या गाडीत यातलं काहीच नसतं.

शोरूमच्या टायरला १८ वर आणलं की साईडवॉल फुगून बाहेर येते, म्हणजे टायरचा सगळ्यात पातळ भाग आपणच कपचीपुढे धरतो. ट्रेडमधलं भोक दोरीच्या प्लगनं वाटेतच बुजवता येतं. साईडवॉल फाटली की तो टायर गेला. शिवाय मोठ्या दगडावर टायर पूर्ण दबला तर रबर दगड आणि रिमच्या मध्ये चिरडतं.

तीन थरांच्या साईडवॉलचे जाड एलटी (लाइट ट्रकचे) टायर असतील आणि ताशी १५-२० नं मोठे दगड ओलांडायचे असतील, तर २० जरूर करा. असे टायर २५ वरही दगडासारखे ताठ वाटतात. १५ मात्र वाळूसाठी ठेवा. वहिबाच्या कडेच्या बिदिया गावाला, वाळूच्या तोंडाशी ते योग्य, हजरमध्ये नाही.

रिमचा आकारही पाहा

याकडे कुणी बघत नाही. २६५/६५ आर१७ टायरची साईडवॉल १७२ मिलिमीटर उंच असते, २६५/६० आर१८ ची १५९, आणि २६५/५५ आर२० ची जेमतेम १४६. मोठं चकचकीत रिम घेतलंत की दबायला रबर तेवढं कमी उरतं. २० इंची रिमवर मी २७ च्या खाली जाणार नाही, दगड कसेही असोत. टायरवर कोरलेला ‘मॅक्स’चा आकडा हा कमाल मर्यादेचा आहे. हवा ठरवताना त्याच्याकडे बघूच नका, दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघा.

गरम टायरची फसगत

मस्कत ते अल हमरा साधारण दोनशे किलोमीटर, त्यातलं बरंचसं १२० च्या वेगानं. सकाळी घरी ३३ मोजलेला टायर तिथे पोचेपर्यंत तापून ३७-३८ दाखवतो. त्या अवस्थेत हवा सोडत सोडत गेजवर २५ आणलंत, तर टायर निवल्यावर तो आकडा २१-२२ होतो. कच्च्या रस्त्यावर हळू चालताना टायर निवतोच. म्हणजे २५ चा निर्णय घेऊन नकळत तुम्ही जवळपास २० वर वादी उतरत असता. उपाय सोपा: टायर गरम असतानाच हवा सोडत असाल तर गेजवर २८-२९ ला थांबा. पंधरा-वीस मिनिटांच्या चहात टायर पूर्ण निवत नाही, म्हणून निवल्यावर पुन्हा मोजा. उन्हाच्या बाजूचे दोन टायर सावलीतल्यांपेक्षा जास्त दाखवतात, त्या फरकानं गोंधळून जाऊ नका.

‘वर गेल्यावर हवा विरळ, मग प्रेशर वाढेल ना?’ असंही कुणीतरी विचारतंच. दोन हजार मीटरवर गेज सुमारे ३ पीएसआय जास्त दाखवेल, पण गारव्यानं त्यातले दोनेक कमी होतात. त्यामुळे तो हिशोब सोडून द्या.

परत भरायचं कसं

हवा सोडणं दहा मिनिटांचं काम. भरणं खर्चिक आणि कंटाळवाणं. लायटरच्या सॉकेटवर चालणारा स्वस्त कॉम्प्रेसर दोन टायरांतच तापून धापा टाकतो. बॅटरीला थेट क्लिप लावायचा घ्या, आणि चालवताना इंजिन सुरू ठेवा. २५ वरून ३३ करायला वेळ थोडा, १८ वरून जवळजवळ दुप्पट. उन्हात वाकून उभं राहणारा माणूस हा फरक विसरत नाही.

कॉम्प्रेसर नसेल तर २७ च्या खाली उतरू नका, आणि खाली रुस्ताक शहराच्या बाजूला डांबर लागल्यावर ताशी ६० च्या आत राहून पहिला पेट्रोल पंप गाठा. कमी हवेवर हायवेचा वेग घेतला की साईडवॉल सतत वाकून तापते, आणि फुटायची ती तिथेच फुटते, दगडांवर नाही. निघण्याआधी स्टेपनीचीही हवा मोजा. ती ३५ वर ठेवा, लागली तर तिथे सोडता येते. आणि आकाशात ढग असतील तर हवेचा प्रश्नच उरत नाही: पावसात वादीत उतरायचं नाही.