पिसांचा रंग बघू की तुरा-पाय? गावठीतला क्रॉस ओळखताना

कोंबडीची पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की हा प्रश्न येतोच: यातली आपल्या घरची गावठी किती आणि कुठल्या तरी झुंजीच्या असीलाची, आरआयआरची (ऱ्होड आयलंड रेड) नाहीतर डीपी क्रॉस नावाच्या बाजारी संकराची भेसळ किती? मुंबईत त्याचं उत्तर लवकर लागतं. गावाला पंधरा नर परसात फिरले तरी कुणाला पडलेली नसते. इथे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नर आरवायला लागले की शेजारी दारात येतात. म्हणजे कुणाला ठेवायचं आणि कुणाला द्यायचं, हे त्याआधीच ठरवावं लागतं.

ओळखायच्या रीती दोन. पहिली रंगावरून: पाठीवरचे पट्टे, मानेची सोनेरी झाक, शेपटीचा काळा. दुसरी अंगावरून: तुऱ्याची ठेवण, नडगीचा रंग, मान, बोटं. अंड्याच्या रंगावरून सांगणारेही भेटतात, पण तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अंड्यावर यायला पाच-सहा महिने जातात, आणि नराचं काय करणार? ती रीत मी सोडून दिली. मी दोन्ही करून पाहिल्या आणि आता बहुतेक वेळा खाली वाकून पायच बघतो. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी रंगाची बाजू, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. बार्ड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची कोंबडी आणि बिनपट्ट्याचा काळा किंवा लाल नर अशी जोडी असेल, तर नर पिल्लांच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी पांढरट ठिपका दिसतो आणि माद्यांच्या डोक्यावर नसतो. पट्ट्यांचा हा गुण लिंगाशी जोडलेला आहे, आई तो फक्त मुलांना देते. इथे रंगाला तोड नाही. शिवाय रंग लांबून दिसतो, पिल्लू पकडावं लागत नाही. संध्याकाळी खुराड्यात शिरताना नुसती नजर टाकली तरी भागतं.

अडचण पुढे येते. पिल्लाची पिसं म्हणजे तात्पुरता गणवेश. लव जाते, पहिली पिसं येतात, ती गळतात, पुन्हा येतात. नराच्या मानेवरची आणि पाठीवरची लांब चमकदार पिसं तीन-चार महिन्यांनंतरच नीट भरतात. त्यात लेगहॉर्न या विलायती जातीचा पांढरा रंग आला तर विचारूच नका. तो खालच्या काळ्यावर चुना मारल्यासारखा बसतो. पहिल्या पिढीतली पिल्लं पांढरी, फार तर कुठेतरी दोन-चार काळे शिंतोडे. आत काय दडलंय ते त्या पिल्लाची पिल्लं झाल्यावरच कळतं.

याच रंगापायी मी एकदा फसलो, आणि माझा कौल तिथेच फिरला.

मामीची वाडी गोराईला. मी बोरिवलीहून बोटीने जातो. तिच्याकडे तांबूस गावठी कोंबड्या आणि एकच नर, सगळ्यांचे तुरे एकेरी, करवतीच्या पात्यासारखे उभे. कुणीतरी आणखी एक कोंबडी आणून दिली, तिचाही तुरा एकेरीच. पहिल्या आठ-दहा दिवसांत तिने घातलेली अंडी मामीने खुडूक कोंबडीखाली ठेवली. नऊ पिल्लं निघाली.

अडीच महिन्यांनी निवड करायची वेळ आली, कारण पलीकडच्या काकूंनी दोनदा निरोप पाठवला होता. मी रंग बघितला. दोन नर छान तांबडे-सोनेरी, हुबेहूब आमच्या कोंबड्यासारखे, ते ठेवले. तिसरा मळकट, काळपट, नुसता उकिरड्यावरचा. हा क्रॉस, असं म्हणून मनोरीला एकाला देऊन टाकला. मामी तेव्हाच म्हणाली होती, "अरे, या दोघांचा तुरा असा बसका का रे?" मी म्हटलं, "मामी, अजून वाढायचाय तो."

तो वाढला नाही. महिना-दीड महिन्याने दोघांच्या डोक्यावर तीन ओळींत दाणे टोचल्यासारखा ठेंगणा तुरा, चोचीखाली लोंबणारं जवळजवळ काहीच नाही, छातीच्या हाडावर पिसं बाजूला केली की कातडीची उघडी पट्टी, आणि स्वभाव असा की एकमेकांचे डोळे फोडायचेच बाकी ठेवले. सरळसरळ असीलाचा वाटाणा-तुरा. आणि मनोरीचा तो मळकट? त्याच्या मानेवर तांबडं सोनं उतरलं आणि तुरा उभा, एकेरी. तो फोटो अजून फोनमध्ये आहे, पुसायचा धीर होत नाही.

हे झालं कसं? वाटाणा-तुरा प्रभावी गुण आहे. बापाकडून किंवा आईकडून एक प्रत आली तरी तुरा बसका होतो. म्हणून दोन एकेरी तुऱ्यांच्या पोटी तो येऊच शकत नाही. आमचा नर एकेरी, आई एकेरी, म्हणजे बाप दुसराच. कोंबडी नराचं बीज पोटात दोन आठवडे, कधी त्याहून जास्त सांभाळून ठेवते. नवी कोंबडी येताना आधीच्या दारचा असील सोबत घेऊनच आली होती. रंगाने हे मला कधीच सांगितलं नसतं. असीलही तांबडे असतात, आमचाही तांबडा.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. तुरा 'नाही' ठामपणे म्हणतो. 'हो' मात्र तितक्या ठामपणे म्हणत नाही, हेही खरं. मनोरीला गेलेला नर आमच्याच कोंबड्याचा, असं मी छातीठोक सांगणार नाही. असील बाप स्वतःच अर्धा संकर असेल तर त्याच्या निम्म्या पिल्लांना एकेरी तुरा येणारच. पण ज्या दोघांना मी घरचे म्हणून ठेवलं ते घरचे नव्हते, ही गोष्ट पक्की. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोक्यावरची लव फुंकरीने बाजूला केली असती तरी दिसलं असतं: एकेरी तुऱ्याची एकच बारीक रेघ असते, वाटाण्याची चपटी, रुंद पट्टी. १९०२ मध्ये बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाने मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू होतात हे दाखवलं ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरच, आणि मी सव्वाशे वर्षांनी पिसांचा रंग बघत बसलो होतो.

पायांचंही तसंच, थोडं सांभाळून. पिवळा पाय अप्रभावी आहे, म्हणजे दोन्हीकडून प्रत आली तरच दिसतो. दोन्ही पालक पिवळ्या पायांचे असतील तर पांढऱ्या-गुलाबी पायांचं पिल्लू त्यांचं नाही. पिवळ्या कातडीवर आतून काळी झाक आली की पाय हिरवट दिसतो, पांढऱ्या कातडीवर आली की पाटीसारखा निळसर. हे एकदा डोळ्यांत बसलं की खुराड्यासमोर उकिडवं बसून अर्ध्या कळपाची कुळकथा वाचता येते. (२००८ च्या एका अभ्यासात हा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून पाळीव कोंबड्यांत आल्याचं दिसलं. तो आपल्या सह्याद्रीतलाच.) फक्त पिवळेपणा खाण्यावर अवलंबून असतो. मका मिळाला नाही तर पाय फिका दिसतो, आणि भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीचाही उतरतो. दीड महिन्याच्या पिल्लाचा फिका पाय बघून निकाल देऊ नका, थोडे दिवस मका घालून बघा.

मुंबईत सगळ्यात जास्त फसवणूक कडकनाथात होते, म्हणून त्यावर दोन शब्द जास्त. काळी पिसं म्हणजे कडकनाथ नव्हे. ऑस्ट्रालॉर्पही काळाकुट्ट असतो, पिसं उचलली की खाली कातडी पांढरी. पिल्लाची चोच हलकेच उघडून जीभ आणि टाळू बघा, तुरा बघा. आतपर्यंत काळं असेल तर पुढे बोलू. क्रॉस असेल तर त्याचीही गंमत आहे. कडकनाथ नर आणि फिक्या पायांची आरआयआर कोंबडी अशी जोडी लावली तर मुली काळ्या निघतात, मुलगे बरेच फिके. उलट जोडी, म्हणजे कडकनाथ कोंबडी आणि फिक्या पायांचा शुद्ध नर, लावली तर सगळीच पिल्लं फिकी, कुठेतरी काळे डाग. काळेपणा दाबणारा गुण लिंगाशी जोडलेला आहे, म्हणून हा खेळ. बेटसन आणि पनेट यांनी काळ्या कातडीच्या सिल्की कोंबडीवर हे १९११ मध्ये मांडलं होतं. तेव्हा कुणी नुसत्या काळ्या माद्याच दाखवल्या तर त्यांचे भाऊ कुठे आहेत ते विचारा. मी एकदा विचारलं, तर विक्रेत्याला अचानक फोन आला.

उघड्या मानेच्या कोंबडीचं काम सोपं. मान पूर्ण उघडी असेल तर दोन्हीकडून गुण आलाय. गळ्यापाशी पुढे पिसांचा एक झुबका असेल तर एकाच बाजूने. यात अंदाजाला जागाच नाही.

तुमच्याकडे बार्ड कोंबडी असेल, किंवा आईबाप दोन्ही डोळ्यांसमोर असतील आणि चार महिने थांबायची सवड असेल, तर रंगावर जरूर जा. तो डोळ्यांना सुखही देतो. आईबापांचा पत्ता नसेल, खुराडं छोटं असेल आणि शेजारी जवळ असतील, तर मी आधी तुरा, मग पाय आणि मग रंग या क्रमाने जाईन. मामीने तर नवी कोंबडी आली की तीन आठवडे तिची अंडी बसवायचीच नाहीत, असा नियम केलाय. ती अंडी आमच्या आम्लेटात जातात.

मनोरीच्या त्या नराची बांग पहाटे वाऱ्यावर गोराईपर्यंत ऐकू येते, असं मामी म्हणते. मला सगळ्या बांगा सारख्याच वाटतात, पण तिच्याशी वाद घालायची माझी पत आता उरलेली नाही.