पहिली एल्कची शिकार: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

एल्कच्या (उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या) शिकारीचं सामान घ्यायला अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात शिरलं की नजर आधी जाते ती रायफलींच्या भिंतीवर. निम्मं बजेट तिथेच संपतं आणि बूट, सॅक, दुर्बीण यांच्या वाट्याला उरलीसुरली चिल्लर येते. माझ्या मते हिशेब नेमका उलटा मांडायला हवा. कोलोरॅडोत एल्क भेटतो तो साधारण आठ ते अकरा हजार फुटांवर. नर सुमारे ७०० पौंडांचा, म्हणजे ३१५ किलोंचा, आणि मादी सुमारे ५०० पौंडांची. हाडं काढून टाकली तरी मोठ्या नराचं ८० ते १०० किलो मांस उरतं, आणि ते गाडीपर्यंत तुमच्याच पाठीवरून जायचं असतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून नुसती शिंगं घेऊन येणं हा गुन्हा आहे. चाप ओढायला एक क्षण लागतो. बाकी सगळं काम पायांचं, डोळ्यांचं आणि पाठीचं.

हा आढावा लिहिताना डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस आहे: डेन्व्हर किंवा आसपास राहणारा, सह्याद्रीत थोडंफार भटकलेला, हातात दीड-दोन हजार डॉलर असलेला. गाइड न घेता, सार्वजनिक जमिनीवर, गाडीजवळ तंबू ठोकून तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रायफल सीझनला निघणार आहे. कोलोरॅडोच का? देशातले सर्वाधिक एल्क याच राज्यात आहेत. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल सीझनमध्ये बऱ्याच युनिटांत (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) नराचा टॅग, म्हणजे एक नर मारायचा परवाना, लॉटरीशिवाय थेट विकत मिळतो. वायोमिंगही शेजारीच आहे, पण तिथल्या घोषित विल्डरनेस (संरक्षित रानाच्या) भागात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला परवानाधारक गाइड किंवा स्थानिक रहिवासी सोबत असल्याशिवाय मोठ्या प्राण्यांची शिकार करता येत नाही. पहिल्या खेपेला ती भानगड नको. टॅगचे नियम दर वर्षी बदलतात, तेव्हा राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याची त्या वर्षाची पुस्तिका वाचल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नका.

सामानाआधी कागद. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड लागतं. आपल्यापैकी अनेकांना लागू होणारी दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे वैध शिकार परवाना. म्हणून आधी परवाना, मग बंदुकीला हात, हा क्रम मोडायचा नाही. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर नुसती हातात घेणं हेही त्यात आलं. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. मनात जराही शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. तिथे काटकसर करू नका.

रायफल: ४५० की ८५०?

सॅव्हेज ॲक्सिस, मॉसबर्ग पेट्रियट, रुगर अमेरिकन ही स्वस्तातली बोल्ट ॲक्शनची (दर गोळीनंतर हाताने खिट्टी, म्हणजे बोल्ट, ओढायच्या रायफलींची) नावं. दुकान आणि मॉडेल यांनुसार साधारण ४०० ते ६०० डॉलर. त्यावरची पायरी टिक्का टी३एक्स लाइटची, ८०० च्या आसपास. टिक्काचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो, चापही फार चांगला असतो. पण दोनशे यार्डांवर उभ्या असलेल्या एल्कच्या छातीला हा फरक कळत नाही. तिथला हृदय-फुप्फुसांचा भाग फूटभर तरी असतो, आणि तेवढं नेम धरणं स्वस्तातल्या रायफलीला सहज जमतं. न जमलंच तर दोष बहुधा खांद्याचा, सराव न केलेल्याचा. म्हणून माझं मत रुगर अमेरिकन किंवा ॲक्सिसला. सेकंडहँड रेमिंग्टन ७०० किंवा सॅव्हेज ११० चांगल्या अवस्थेत मिळाली तर ती त्याहून बरी. मात्र कोलोरॅडोत ओळखीतल्या माणसाकडून घेतानाही डीलरमार्फत पार्श्वभूमी तपासणी करून घ्यावीच लागते.

किमतीच्या लेबलावर न दिसणाऱ्या दोन गोष्टी: एप्रिल २०२५ पासून राज्यात बंदुका आणि काडतुसांवर ६.५ टक्के जादा कर आहे, आणि ऑक्टोबर २०२३ पासून खरेदी आणि ताबा यांत किमान तीन दिवस जावे लागतात. सीझनच्या आदल्या संध्याकाळी दुकानात धावून उपयोग नाही.

कॅलिबरवरून (गोळीच्या जाडीवरून आणि काडतुसाच्या प्रकारावरून) लोक तासन्तास भांडतात, आपण लवकर आटपू. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा लागते. ६.५ क्रीडमूर या काडतुसाची रायफल यात बसते, धक्काही सौम्य देते, पण अंतर आणि गोळी दोन्ही जपून निवडावी लागतात. .३०० विन मॅग एल्कला भरपूर होते, मात्र खांद्याला बसणारा धक्का .३०८ च्या जवळपास दीडपट आणि काडतुसंही महाग. नवशिक्याला त्या धक्क्याची धास्ती बसते, चाप ओढताना डोळे मिटतात, आणि ती सवय मोडायला पुढे फार वेळ जातो. .३०८ किंवा .३०-०६ घ्या. काडतुसं गावोगावच्या दुकानात मिळतात, सरावासाठी त्यांतल्या त्यात स्वस्त पडतात आणि १६५-१८० ग्रेनची चांगली गोळी तीनशे यार्डांपर्यंत पुरून उरते. रायफलीत वाचवलेले पैसे रेंजवर घाला. चेरी क्रीक स्टेट पार्कातली रेंज डेन्व्हरकरांना जवळची आहे. बाकावर बसून सगळेच नेमबाज होतात. गुडघ्यावर, सॅकवर टेकून, धाप लागलेली असताना मारून बघा.

स्कोप आणि दुर्बीण

रायफलीवर बसवायचा स्कोप आणि हातातली दुर्बीण या दोघांत पैसे वाटताना बहुतेक जण स्कोपला झुकतं माप देतात. मी दुर्बिणीला देईन. स्कोपमधून दिवसाकाठी एकदा बघायची वेळ आली तरी नशीब; दुर्बीण मात्र उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत डोळ्यांना असते. शिवाय समोर काय हाललं ते बघायला स्कोप लावणं म्हणजे कुणा अनोळखी माणसावर भरलेली बंदूक रोखणं. असं कधीही करायचं नाही.

स्कोपमध्ये व्होर्टेक्स क्रॉसफायर टू ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिलिमीटर भिंगाचा) हा दीडशे-दोनशे डॉलरांत मिळतो, ल्यूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम ३-९x४० तीनशेच्या आसपास. ल्यूपोल्ड हलका आहे आणि संधिप्रकाशात चित्र जरा स्वच्छ दाखवतो. हात सैल असेल तर तो घ्या, नसेल तर क्रॉसफायरने काही अडत नाही. रायफलीसोबत बसवून येणारे पॅकेजचे स्कोप मात्र मी टाळेन.

दुर्बिणीत निवड ८x४२ आणि १०x४२ यांत. उघड्या माळावर, सेजब्रशच्या खुरट्या झुडपांच्या उतारांवर १० पट बरी. दाट झाडीत ८ पट बरी, कारण हात कमी थरथरतो, एका नजरेत जास्त रान दिसतं आणि डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा ठिपका ४.२ ऐवजी सव्वापाच मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तिन्हीसांजेला चित्र उजळ राहतं. पक्षी बघण्यासाठी घेतलेली बरी ८x४२ घरात असेल तर नवीन घ्यायचं कारणच नाही. नसेल तर व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी किंवा निकॉन मोनार्क एम५ ची १०x४२, अडीचशे-तीनशे डॉलर. छातीवर बांधायचा पट्टा घ्या, गळ्यातल्या दोरीने मान धरते. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) पहिल्या वर्षी नकोच. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) उसना मिळाला तर बघा. अडीचशे यार्डांपलीकडे मारायचंच नाही असं ठरवलंत तर त्याचीही फार गरज उरत नाही.

बूट: इथे हात आखडू नका

सह्याद्रीत स्वस्तातले ॲक्शनचे बूट घालून अवघड घाटवाटा उतरलेल्या माणसाला पाचशे डॉलरच्या बुटांचं हसू येणं साहजिक आहे. पण तिथला काळा पाषाण वेगळा आणि इथलं रान वेगळं. कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्ससारख्या डोंगराळ भागात पाइन-स्प्रूसचे पडलेले ओंडके एकमेकांवर आडवेतिडवे पसरलेले असतात, वर घोटाभर बर्फ, आणि परतताना पाठीवर तीस किलो मांस. मऊ तळव्याचा बूट ओंडक्याच्या कडेवर वाकतो आणि घोटा मुरगळतो. उंचीचंही ध्यानात घ्या: डेन्व्हर शहरच जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतकं उंच आहे. शिकारीचा तळ त्याहून तीन-चार हजार फूट वर आणि चढ तिथून पुढे.

तीन पायऱ्या आहेत. दीडशे-पावणेदोनशे डॉलरांत कीन, मेरेल यांचे घोट्यापर्यंतचे हायकिंग बूट: चालायला छान, ओझ्याखाली मऊ. अडीचशे ते सव्वातीनशेत डॅनर, आयरिश सेटर यांचे शिकारीचे बूट: तळवा कडक, घोट्याला आधार, पाणी रोखणारं अस्तर. आणि पाचशेच्या आसपास केनेट्रेक, क्रिस्पी: पुढची दहा वर्षं दर सीझनला जाणार असाल तर. मी मधली पायरी निवडेन. उबदार अस्तर ४०० ग्रॅमच्या वर नको. चढताना पायाला घाम येतो आणि नंतर बसून राहिलं की तोच घाम गारठवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला तर अस्तर नसलेलाच बूट उत्तम. ब्रँडपेक्षा मोठी गोष्ट ही, की बूट जुलैत घेऊन ओझं घालून चालायला लागा. नवा बूट चावणारच, तो घराजवळच्या टेकडीवर चावून होऊ दे. सोबत मेरिनो लोकरीचे दोन जोड मोजे आणि गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण).

सॅक

इथे तीन पर्याय आहेत आणि तिसरा फुकट आहे.

स्टोन ग्लेशियर, एक्झो, किफारू या सॅक पाचशे ते सातशे डॉलरांच्या. फ्रेम आणि पिशवी यांच्या मधे मांस बांधायची सोय असते, वजन पाठीला चिकटून राहतं आणि खांद्यांवरून कमरेवर उतरतं. वस्तू खरंच सुंदर. ॲल्प्स आउटडोअर्झची कमांडर ही बाहेरच्या फ्रेमची सॅक दोनशेच्या आसपास मिळते. जड आहे, झाडीत करकरते, फांद्यांत अडकते, पण वजन तितक्याच इमानाने वाहते. करकर ऐकू येऊ द्यायची नसेल तर ती गाडीत ठेवा, दिवसभर छोटी सॅक वापरा आणि शिकार झाल्यावर कमांडर आणायला जा.

तिसरा पर्याय घरातली साठ लिटरची ट्रेकिंग सॅक. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात जाळीच्या कापडी पिशवीत गुंडाळलेलं, थंड झालेलं, हाडं काढलेलं मांस. एका फेरीत वीस-पंचवीस किलोंपलीकडे जाऊ नका. फेऱ्या वाढतील, पैसे वाचतील. गाडीपासून दोन मैलांच्या आत शिकार करणार असाल आणि सोबत एक-दोन मित्र असतील तर पहिल्या वर्षी मी हेच सुचवेन. एकटे असाल तर कमांडर घ्याच. आणि एकटे असाल तर कितीही मोठा नर दिसला तरी चार मैल आत, दरीच्या तळाशी गोळी झाडायची नाही.

कपडे

झटपट. सिटका, कुइयू, फर्स्ट लाइट यांच्या पूर्ण पोशाखाच्या किमतीत एक रायफल येईल. गरज नाही. रायफल सीझनमध्ये कंबरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे, तेव्हा महागडा कॅमो (रानात मिसळून जाणाऱ्या रंगांचा कपडा) तसाही झाकला जातो. हरणांच्या कुळाला नारिंगी आपल्यासारखा भडक दिसत नाही. निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून जीन्स बाद; ती सुती असल्याने भिजली की वाळत नाही, तेव्हा दोनदा बाद. ट्रेकिंगची सिंथेटिक पँट, आत मेरिनो, वर फ्लीस, बसून राहण्यासाठी फुगीर जॅकेट, सरकारी जुन्या मालातली लोकरी पँट मिळाली तर सोनं. अंगाचा वास घालवणाऱ्या साबणांवर पैसे घालवू नका. वारा तुमच्याकडून एल्ककडे वाहत असेल तर कुठलाही साबण वाचवत नाही. पाच-दहा डॉलरांची वाऱ्याची दिशा दाखवणारी पावडरची बाटली मात्र घ्या.

उरलेलं

सुरी: हॅव्हलॉनची बदलत्या पात्यांची सुरी वस्तऱ्यासारखी धारदार असते, पण सांध्यात तिरकी फिरवली की पातं तुटून मांसात राहतं. व्हिक्टोरिनॉक्सची खाटकाची बोनिंग नाइफ (हाडापासून मांस सोडवायची सुरी) स्वस्त, मजबूत आणि पुढे घरच्या स्वयंपाकातही चालते. मी दुसरी घेईन, सोबत धार लावायचा छोटा दगड. मांसाच्या जाळीदार पिशव्या चांगल्या घ्या, निदान पाच. एल्कचं कातडं जाड, उष्णता आत कोंडते; लवकर सोलून, तुकडे करून सावलीत टांगलं नाही तर ऑक्टोबरच्या उन्हातही मांस बिघडतं. नर की मादी याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, हे सोलतानाच लक्षात ठेवायचं.

नकाशा: राज्याचा हंटिंग ॲटलस फुकट आहे, घरी बसून युनिट निवडायला पुरेसा. रानात मात्र ऑनएक्स या नकाशाच्या ॲपची एका राज्याची वर्गणी भरा. खासगी जमिनीची हद्द नेटवर्कशिवाय दिसते आणि ट्रेसपासच्या भानगडीत पडावं लागत नाही. आयफोन १४ किंवा त्यानंतरचा असेल तर उपग्रहावरून मदत मागता येते. एकटे, खोल रानात जाणार असाल तर त्यावर न विसंबता उपग्रहावरून संदेश पाठवणारं गार्मिन इनरीच घ्या.

झोपण्याची उबदार बॅग आणि तंबू विकत घेऊ नका, भाड्याने किंवा उसने आणा. खरेदीचा काळही सांभाळा. लॉटरीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात, थेट विक्रीचे टॅग ऑगस्टात निघतात. बूट जुलैत, रायफल फार तर ऑगस्टात. महागडी सॅक हवीच असेल तर पहिलं वर्ष कमांडरवर काढा आणि नोव्हेंबर-डिसेंबरकडे डोळा ठेवा. तेव्हा शिकारीचा नाद एका सीझनमध्ये फिटलेले लोक आपल्या जवळपास कोऱ्या सॅक विकायला काढतात.