पोकेमॉन कार्डांचे ऑनलाइन विक्रेते: बेळगावहून केलेल्या भावाचा लेखाजोखा

संग्राह्य कार्डांच्या ऑनलाइन विक्रेत्यांशी घासाघीस करता येते, किंबहुना बरेचसे विक्रेते ती गृहीत धरूनच किंमत लावतात, आणि तरीही बेळगावच्या खडेबाजारात ज्या रीतीने आपण भाव पाडतो ती रीत इथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. दुकानदाराने आठशे सांगितले की चारशेपासून सुरुवात करायची, तो सहाशेवर आला की पाठ फिरवून दोन पावले टाकायची आणि मागून हाक येण्याची वाट पाहायची, हा आपला शिरस्ता एका गृहीतकावर उभा आहे: मालाची खरी किंमत दुकानदाराला ठाऊक असते आणि गिऱ्हाइकाला नसते. कार्डांच्या व्यवहारात तसे नाही. एखादे कार्ड गेल्या काही आठवड्यांत कितीला विकले गेले हे दोघांनाही मोबाइलवर दिसत असते. त्यामुळे निम्म्या किमतीची मागणी केली की विक्रेता चिडत नाही, तो फक्त उत्तर द्यायचे थांबवतो.

या परीक्षणात मी दोन व्यवस्थांचा विचार केला आहे. एक, ईबे या परदेशी विक्री-संकेतस्थळावरील ‘बेस्ट ऑफर’ची सोय, दुसरी, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून विकणारे आपल्याकडचे छोटे विक्रेते, ज्यांपैकी पुणे, कोल्हापूर आणि बेंगळुरू येथील काहींशी माझा व्यवहार होत असतो. बेळगाव, निपाणी किंवा खानापूरच्या स्टेशनरी दुकानांत दहा-वीस रुपयांना पाकीट मिळते, ज्यात कधी सोनेरी चकाकीची प्लॅस्टिकची कार्डेही निघतात, ती मी यात धरलेली नाहीत. ती बनावट असतात, मुलांना खेळायला ठीक आहेत, आणि त्यांचा भाव करण्यात अर्थ नाही.

किंमत कशी ठरते हे समजल्याशिवाय भाव कुठे करायचा हे कळत नाही, म्हणून थोडे तपशिलात जातो. २०२३ मध्ये आलेला ‘स्कार्लेट अँड व्हायोलेट १५१’ हा संच घ्या. यात चॅरिझार्ड ईएक्स हे कार्ड इंग्रजीत तीन रूपांत आहे, जी कार्डावर छापलेल्या क्रमांकावरून ओळखायची: ००६/१६५, १८३/१६५ आणि १९९/१६५. पहिले सीलबंद पाकिटांतून (ज्यांत कोणती कार्डे आहेत हे फोडल्यावरच कळते) त्या मानाने सहज निघते. शेवटचे, ज्याच्या कोपऱ्यात दोन सोनेरी तारे असतात, ते क्वचितच निघते आणि त्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट असते. अनेक विक्रेते मात्र जाहिरातीत नुसते ‘१५१ चॅरिझार्ड’ एवढेच लिहितात आणि फोटोवर बोट किंवा प्रकाशाची तिरीप अशी बेतशीर येते की क्रमांक वाचता येत नाही. अशा जाहिरातीवर भाव करण्याआधी क्रमांक मागावा आणि कार्ड इंग्रजी की जपानी हेही विचारावे, कारण जपानी कार्डाची मागची बाजूही वेगळी असते आणि बाजारही वेगळा. क्रमांक विचारल्यावर जो विक्रेता दोन मिनिटांत स्वच्छ फोटो पाठवतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवावा. जो ‘तुम्हाला घ्यायचंय की नाही ते सांगा’ असे उलट विचारतो, त्याला मी नमस्कार करतो.

क्रमांकानंतरची गोष्ट अवस्थेची, आणि माझ्या मते सगळी खरी घासाघीस इथेच आहे. या धंद्यात नियर मिंट, लाइटली प्लेड, मॉडरेटली प्लेड, हेव्हिली प्लेड आणि डॅमेज्ड अशी, म्हणजे जवळजवळ नव्यापासून खराब झालेल्यापर्यंत, उतरती भाजणी सर्वत्र चालते. कार्डाची मागची बाजू निळी असते, त्यामुळे कडा थोडी जरी घासली तरी आतला कागद पांढऱ्या रेघेसारखा उघडा पडतो, आणि ही पांढरी रेघ पुढच्या बाजूने अजिबात दिसत नाही. विक्रेते म्हणूनच पुढच्या बाजूचे सहा फोटो टाकतात आणि मागचा एकही नाही. मी मागच्या बाजूचे चारही कोपरे जवळून मागतो, आणि होलो, म्हणजे चकाकत्या पृष्ठभागाचे, कार्ड असेल तर खिडकीच्या उजेडात हळूहळू तिरपे करून घेतलेला लहानसा व्हिडिओ मागतो. समोरून घेतलेल्या फोटोत लपणारे ओरखडे त्या तिरप्या उजेडात बरोबर उठून दिसतात.

कोल्हापूरच्या एका विक्रेत्याशी झालेले बोलणे नमुन्यादाखल देतो. त्याने अठराशे सांगितले होते आणि अवस्था ‘नियर मिंट’ लिहिली होती. व्हिडिओ पाहून मी लिहिले, “मागचा उजवा खालचा कोपरा पांढरा दिसतोय आणि वरच्या कडेलाही दोन ठिकाणी घासलंय. हे लाइटली प्लेड धरायला हवं. चौदाशेला जमतंय का बघा.” त्यावर त्याचे उत्तर आले, “दादा, कोपरा आहे तो मान्य, पण कडेचं आहे ते स्लीव्हवरचं. सोळाशे करा, टॉपलोडर माझ्याकडून.” (स्लीव्ह म्हणजे कार्डावरचे पातळ प्लॅस्टिकचे आवरण, टॉपलोडर म्हणजे त्यावरचे कडक प्लॅस्टिकचे.) त्याने कार्ड स्लीव्हमधून बाहेर काढून पुन्हा फोटो पाठवला, कडेवर खरोखरच काही नव्हते. पंधराशे पन्नासवर सौदा पटला. यात दोघांनीही एकमेकांच्या परिस्थितीची, घरच्या अडचणीची किंवा जुन्या ओळखीची दुहाई दिली नाही. बोलणे कार्डावरच राहिले, आणि म्हणूनच पाच मिनिटांत आटोपले. ‘लास्ट प्राइस काय?’ एवढाच संदेश टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला हा विक्रेता काय उत्तर देतो, हे मी त्याला एकदा विचारले होते. त्याने हसण्याचे चित्र पाठवले.

यानंतर येतो टपालखर्च, जो सीमाभागातल्या माणसाच्या खिशाला वेगळ्याच तऱ्हेने चाट लावतो. महाराष्ट्रातील विक्रेता पत्ता पाहतो आणि म्हणतो, “बेळगाव म्हणजे कर्नाटक ना? मग बाहेरच्या राज्याचा दर लागेल.” उलट बेंगळुरूचा विक्रेता आपल्याला राज्यांतर्गत दर लावतो. वास्तविक कोल्हापूर बेळगावहून सुमारे एकशे दहा किलोमीटरवर आहे आणि बेंगळुरू पाचशे किलोमीटरच्या आसपास. (आम्ही नक्की कुठले, या प्रश्नाचे उत्तर सात दशके निघालेले नाही, ते कुरिअरच्या दरपत्रकात निघावे अशी अपेक्षाही नाही.) खासगी कुरिअर कंपन्या आपापले विभाग आखतात, त्यात आपण काही करू शकत नाही, परंतु भारतीय डाक विभागाच्या स्पीड पोस्टाचा दर वजनावर आणि अंतरावर ठरतो, राज्याच्या हद्दीवर नव्हे. टॉपलोडरमधले एक कार्ड, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा आणि वर पाकीट, एवढ्याचे वजन नगण्य असते. हे सांगून स्पीड पोस्टाचा आग्रह धरला की टपालखर्च बहुतेक वेळा निम्म्यावर येतो आणि विक्रेत्याच्या पदरचे काहीच जात नाही, त्यामुळे तो आनंदाने तयार होतो. कार्डाच्या किमतीत शंभर रुपये सोडायला जो तासभर कुरकुरतो, तोच टपालात तेवढेच रुपये एका वाक्यात सोडतो, हा अनुभव मला वारंवार आला आहे. एकाच विक्रेत्याकडून तीन-चार कार्डे एकत्र घेतली तर टपाल एकदाच लागते आणि एकूण रकमेत आणखी थोडी सूट मागणे रास्तही ठरते.

ईबेचा अनुभव निराळा आहे. भारतातील ईबेचे संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले, त्यामुळे आपण परदेशी विक्रेत्यांकडूनच घेतो. ज्या वस्तूखाली ऑफरचे बटण असते तिच्यावर आपण रक्कम लिहून पाठवतो. विक्रेता ती स्वीकारतो, नाकारतो किंवा स्वतःची रक्कम कळवतो. यात संभाषणाचा गोडवा नाही, पण शिस्त आहे. ऑफर अगदी क्षणार्धात नाकारली गेली तर मनाला लावून घेऊ नये, कारण अमुक रकमेखालची ऑफर आपोआप नाकारावी, अशी सोय विक्रेत्याने आधीच लावून ठेवलेली असू शकते. घाई नसेल तर वस्तू नुसती ‘वॉच’ यादीत टाकून थांबावे. ती पाहणाऱ्यांना विक्रेता पुष्कळदा स्वतःहून कमी किमतीचा प्रस्ताव पाठवतो, आणि तोंड न उघडता मिळालेली ही सूट मला सर्वांत आवडते. मात्र ऑफर स्वीकारली गेली की पैसे देणे बंधनकारक होते, म्हणून ‘बघू तरी काय म्हणतो’ या भावनेने पाच ठिकाणी ऑफर टाकू नयेत.

ईबेचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो तिथे काहीही विकत न घेता करता येतो. शोधताना ‘विकलेल्या वस्तू’ हा पर्याय निवडला की लोक मागतात काय हे नव्हे, तर देतात काय हे दिसते. त्यातही एक मेख आहे. ऑफरवर विकलेल्या वस्तूची मूळ किंमत खोडलेली दिसते, प्रत्यक्ष स्वीकारलेली रक्कम तिथे दिसत नाही. आपल्याकडचे काही विक्रेते नेमका हा खोडलेला आकडा स्क्रीनशॉटमध्ये दाखवून ‘बघा, एवढ्याला गेलं’ म्हणतात. खोडलेली रेघ त्यांना दाखवून द्यावी. शिवाय डॉलरचा आकडा रुपयांत फिरवून जशाच्या तसा मागणाऱ्याला हेही विचारावे, की ते कार्ड तुम्ही तिकडून आणले आहे की इथेच पाकिटातून निघाले आहे. आयातशुल्क आणि परदेशी टपाल भरून आणलेल्या कार्डावर त्याने चार पैसे जास्त मागितले तर ते मला मान्य आहे. इथे निघालेल्या कार्डावर नाही.

श्रेणी दिलेल्या, म्हणजे पीएसए किंवा बेकेटसारख्या संस्थेने तपासून प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेल्या कार्डांवर मी फारशी घासाघीस करत नाही. पीएसएची श्रेणी एक ते दहा असते, नऊ आणि दहा यांच्या किमतीत पुष्कळदा पटींचा फरक पडतो, आणि अवस्थेचा वाद तिथे आधीच मिटलेला असतो. एकच काम करावे: पेटीवरचा प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. बनावट पेट्याही बाजारात आहेत.

इन्स्टाग्रामवरील थेट विक्रीबद्दल थोडक्यात. रात्री नऊ-दहाला विक्रेता कॅमेऱ्यासमोर एकेक कार्ड धरतो, किंमत सांगतो, आणि जो प्रथम ‘क्लेम’ लिहील त्याचे ते कार्ड. तिथे भाव करायला जागा नाही, कोपरे बघायला सवड नाही, आणि आमच्या टिळकवाडीत संध्याकाळचे इंटरनेट ज्या गतीने चालते ते पाहता पहिला ‘क्लेम’ आमचा असण्याची शक्यताही नाही. विक्री संपल्यावर उरलेल्या कार्डांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप टाकावा. रात्रीचा एकच भाव सकाळी बराच नरम झालेला असतो.

भाव फार लवकर उतरणे मात्र मला खटकते. चार हजारांचे कार्ड पहिल्याच निरोपाला दोन हजारांवर आणणाऱ्या एका विक्रेत्याकडे मी मागच्या बाजूचा फोटो मागितला, तेव्हा निळा रंग जांभळ्याकडे झुकलेला आणि पोकेमॉन या इंग्रजीत छापलेल्या शब्दातील ‘ई’ अक्षरावरची तिरपी रेघ गायब होती. खऱ्या कार्डाच्या पुठ्ठ्यात मधोमध एक गडद थर असतो. प्रखर दिव्यासमोर धरले तर बनावट कार्डातून बहुधा जास्त उजेड आरपार येतो. हीच चाचणी करून व्हिडिओ पाठवा म्हटल्यावर त्याने मला ब्लॉक केले. अशा प्रकारात पैसे गेलेच, तर यूपीआयने पाठवलेली रक्कम आपल्या मर्जीने परत ओढता येत नाही, म्हणून विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. नव्या विक्रेत्याशी पहिला व्यवहार लहानच ठेवावा आणि पैसे देण्यापूर्वी त्याने कार्डाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो पाठवावा, हा संग्राहकांमधला सर्वमान्य रिवाज आहे. प्रामाणिक विक्रेत्याला त्यात अपमान वाटत नाही.

वेष्टनावर पैसे वाचवायला मी कधीच सांगत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस लागतो, त्यात फॉइलची कार्डे दमट हवेने धनुष्यासारखी वाकतात, कारण कागदाचा थर ओल शोषून फुगतो आणि फॉइलचा थर फुगत नाही. कोरड्या हवेच्या गावातून सपाट निघालेले कार्ड इथे पोचल्यावर वाकले, तर दोष कोणाचा, या वादात विक्रेता परतावा देत नाही आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे म्हणता येत नाही. म्हणून पावसाळ्यात मी किमतीऐवजी स्लीव्ह, टॉपलोडर, त्यावर चिकटपट्टीने बंद केलेली पिशवी आणि आत सिलिका जेलची पुडी एवढे मागून घेतो. पुण्याचा एक विक्रेता याहून चांगला पर्याय देतो: चतुर्थांश रक्कम आगाऊ घेऊन तो कार्ड दसऱ्यापर्यंत राखून ठेवतो, आणि दरम्यान बाजारभाव चढला तरी ठरलेल्या किमतीलाच पाठवतो. भाव उतरला तर काय, हे मात्र त्याच्याशी अजून ठरायचे आहे.