वेल्डिंगचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट: आठ महिने काम केल्यानंतरचा अनुभव

जानेवारीपासून वाळूजला एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. त्याआधी जुलै ते डिसेंबर छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजात वेल्डिंगचा सर्टिफिकेट कोर्स केला. फी १८,००० रुपये. निरोप समारंभाच्या दिवशी कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. आज तीन देतो, आणि त्यातले दोन एकट्या सरांचे आहेत.

मी केज तालुक्यातला. बी.ए. झालं, दोन वर्षं भरतीच्या मागं गेली, वय २६ झालं. मामाचं गावात वेल्डिंगचं दुकान आहे: गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणीच्या वेळी तुटलेले फण. मामा म्हणाला, "आयटीआय कर की. एक वर्षाचा ट्रेड, आठवी पासवर मिळतो." पण भाच्याला पदवी घेऊन आठवी पासच्या रांगेत उभं राहायची लाज वाटली. कॉलेज म्हटलं की कानाला बरं वाटतं. ती लाज महागात पडली. वाळूजच्या चार गेटांवर गेलो आणि चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "आयटीआय आहे का?" आयटीआयचं सर्टिफिकेट देशभर चालतं, पुढं अप्रेंटिसशिपची वाट असते. माझ्या कागदावर फक्त कॉलेजचा शिक्का. ज्याच्याजवळ एक वर्ष आहे त्यानं सरळ आयटीआयला जावं. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकायचं असेल तरच हा रस्ता.

बॅचला आम्ही सोळा जण. हातात रॉड धरून मारायची मशीनं चार, गॅसच्या आडोशात वायर आपोआप सरकत येणारं सीओटूचं एक, आर्गॉन गॅसवर चालणारं टिगचं एक. टिगच्या आर्गॉनचा सिलिंडर गणपतीच्या आधी संपला तो शेवटपर्यंत भरून आलाच नाही. सर्टिफिकेटवर मात्र तिन्ही प्रकार छापलेत. टिगची टॉर्च हातात धरून मी एक फोटो काढलाय, तेवढंच माझं टिग.

पहिल्या आठवड्यापासून एक वही ठेवली होती, रोज किती रॉड जाळले ते लिहायची. सहा महिन्यांची बेरीज ३८७. ट्रॉल्यांच्या हंगामात मामा एवढे रॉड चार-पाच दिवसांत संपवतो. माझ्या रॉडांतले बहुतेक ६०१३ चे, म्हणजे साध्या कामाचे, ३.१५ मिलिमीटरचे, तेही टेबलावर आडव्या ठेवलेल्या प्लेटवर. उभ्या प्लेटवर, म्हणजे थ्री-जी, जेमतेम आठ दिवस. ७०१८ चा, म्हणजे जास्त ताकदीच्या सांध्याचा, रॉड वापरायच्या आधी ओव्हनमध्ये तापवून कोरडा करावा लागतो, ओल राहिली तर त्यातला हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि नंतर तडा जाऊ शकतो. हे मी परीक्षेत फळ्यावरच्यासारखं लिहिलं, पूर्ण मार्क मिळाले. ओव्हनच्या दाराला मात्र कुलूप, आणि किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता सर. कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेला माणूस. पहिल्या महिन्यात माझा एक फिलेट, म्हणजे दोन प्लेटांच्या कोपऱ्यातला सांधा, सुरेख आला, खवले एकावर एक बसल्यासारखे. मी मोबाईलवर फोटो काढून मामाला पाठवायच्या बेतात होतो. सरांनी तो तुकडा व्हाइसला लावला, हॅक्सॉनं मधोमध आडवा कापला, कापलेली बाजू पॉलिश पेपरनं आरशासारखी घासायला लावली आणि त्यावर कापसाच्या बोळ्यानं पातळ केलेलं नायट्रिक ॲसिड फिरवलं. अर्ध्या मिनिटात वेल्डची हद्द काळसर उमटली. दोन प्लेटा जिथं भेटतात त्या कोपऱ्यात वितळलेलं लोखंड पोचलंच नव्हतं, केसाएवढी काळी रेघ तशीच. वरून नुसता लेप. सर म्हणाले, "हे तुमच्या मामांना पाठवा." मी नाही पाठवला. पण त्या दिवसापासून दर शनिवारी एकेकाचा सांधा कापून बघायची पद्धत पडली. सगळ्यात कमी काळ्या रेघा निघायच्या त्या बॅचमधल्या एकुलत्या एक मुलीच्या तुकड्यात. तिची नोकरी सगळ्यात शेवटी लागली, का ते गेटवर उभं राहिलं की कळतं.

वर्कशॉपच्या मिस्त्रीनं माझं सर्टिफिकेट उघडूनही बघितलं नाही. "कागद ठेव खिशात, प्लेट मार." दहा मिलिमीटरच्या दोन प्लेटा, व्ही पाडलेल्या, उभ्या लावलेल्या, खालून वर जायचं. गॅप किती ठेवायचा ते पाठ होतं, पण उभ्यात लोखंड खाली ओघळतं आणि मनगट थांबायचं कुठं ते विसरतं. प्लेट उलटी करून बघितली तर मागं रूट, म्हणजे सांध्याच्या तळापर्यंत पोचलेलं वेल्ड, दिसतच नव्हता, नुसता गॅप. मिस्त्री हसला नाही, हे त्याचे उपकार. हेल्पर म्हणून घेतलं, १२,००० वर. तीन महिने टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे वेल्डचे ठिपके, मारले, ग्राइंडर फिरवला, जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या पट्ट्या उभ्या करून रॉड जाळत बसलो. एप्रिलमध्ये तीच प्लेट परत मारली, मागं रूट सलग आला. आता १६,५०० मिळतात.

गंमत म्हणजे रोजचं काम सगळं सीओटूवर, गाड्यांचे पार्ट ठेवायचे रॅक आणि ट्रॉल्या. तरी रॉडवर घालवलेले महिने वाया गेले असं मी म्हणणार नाही. रॉडवर हात बसलेला माणूस सीओटू आठवड्यात उचलतो. नुसतं सीओटू शिकून आलेले दोघं रॉड हातात घेतला की चिकटवून ठेवतात.

कॉलेजात न शिकवलेली गोष्ट मे महिन्यात कळली. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी अंगाची लाही होते, म्हणून मी मोठा फॅन ओढून स्वतःकडं वळवला. तासाभराचं काम झालं आणि स्लॅगही, म्हणजे रॉडच्या वेल्डवर जमणारी खपली, नसताना वेल्डच्या रेघेवर सगळीकडं भोकं, धिरड्याला जाळी पडावी तशी. मी गॅसचं प्रेशर बघतोय, वायर बदलतोय. मिस्त्री आला, काही न बोलता फॅन बंद केला. वारा गॅस उडवून नेतो आणि उघड्या पडलेल्या वितळत्या लोखंडात हवा शिरते. सव्वीस फूट वेल्ड ग्राइंड करून परत मारलं, घामाच्या धारात. कॉलेजात आमच्या शेडमधला फॅन कायम बंद असायचा, त्यामुळं हा धडा तिथं मिळणं शक्यच नव्हतं.

डोळ्यांबद्दल कोर्सनं चांगलं केलं, काचेशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. वर्कशॉपमध्ये सगळे एका डोळ्यानं बघून टॅक मारतात, मीही मारले. संध्याकाळी काही नाही. रात्री दोनला उठलो तर डोळ्यात मूठभर वाळू कोंबल्यासारखं, पाणी थांबेना. खोलीवरच्या मित्रानं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, सकाळी डॉक्टरांनी ड्रॉप दिले. दुसऱ्या दिवशीची हजेरी बुडाली ती वेगळीच. पगारातून पहिली खरेदी केली ती आपोआप काळ्या होणाऱ्या काचेच्या हेल्मेटची.

आमच्या भागात साखर कारखाने बरेच. गाळप संपलं की दुरुस्तीचा मोसम, आणि वेल्डरला तेव्हा मागणी. पण बॉयलरच्या प्रेशर पार्टला, म्हणजे वाफेचा दाब सोसणाऱ्या भागाला, हात लावायचा तर भारतीय बॉयलर विनियम, १९५० खालची वेगळी परीक्षा द्यावी लागते, माझं सर्टिफिकेट तिथं कामाचं नाही. प्रवेश घेताना काउंटरवरच्या बाईंनी "साखर कारखान्यात लगेच" असं सांगितलं होतं. सध्या रविवारी मिस्त्रीच्या हाताखाली पाइपवर सराव चालू आहे, ७०१८ वर, ओव्हनमधून काढलेल्या गरम रॉडनं.

तुम्ही कुठलंही कॉलेज बघायला गेलात तर प्लेसमेंटचा बोर्ड वाचत बसू नका. वर्कशॉपमध्ये जा आणि जळक्या रॉडची थोटकं टाकायची बादली बघा, किती भरलीय आणि कितीदा रिकामी करतात ते तिथल्या शिपायाला विचारा. आमची जुलैत ठेवलेली बादली डिसेंबरातही काठापर्यंत आली नव्हती.