फ्लीटवुड मॅकची ‘रुमर्स’: एक तबकडी घ्यावी की दोन?

‘रुमर्स’ हा फ्लीटवुड मॅक या रॉक बँडचा 1977 चा अल्बम. तो विनाइलवर, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीवर घ्यायचा ठरला की दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे 33 आरपीएमची (मिनिटाला 33 फेरे घेणारी) साधी एलपी, आणि दुसरा 2011 साली निघालेला 45 आरपीएमचा दोन तबकड्यांचा संच. मिक्स, म्हणजे आवाजांची अंतिम जुळवणी, दोन्हींत मूळ अल्बमचीच. संचाला पैसे जास्त पडतात आणि दर दोन-तीन गाण्यांनी उठून बाजू पालटावी लागते. त्या बदल्यात पदरात काय पडतं, हे या अल्बमच्या बाबतीत नेमकं सांगता येतं, कारण त्याचं वरच्या पट्टीतलं तेज एकदा गेलेलं होतं आणि ते खटपटीने परत मिळवलेलं आहे.

1976 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटोमध्ये, रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत काम सुरू झालं. एपीआय कंपनीचा कन्सोल (आवाज मिसळण्याचं टेबल), दोन इंच रुंद टेप, तिच्यावर 24 ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या वाद्या-गळ्यांसाठी 24 समांतर पट्ट्या. बँडच्या जोडीला निर्माते केन कॅलाट आणि रिचर्ड डॅशट. आधी ड्रम, बास, गिटारचा पाया घ्यायचा आणि मग महिनोन्महिने त्यावर गळे आणि गिटारी चढवायच्या, ही पद्धत. अडचण अशी की कोरसची एक ओळ घ्यायची असली तरी ड्रमसकट सगळी टेप हेडवरून, म्हणजे आवाज टिपणाऱ्या-वाचणाऱ्या भागावरून घासत जाते. दिवसात पन्नास वेळा मागे-पुढे झाली की वरचा ऑक्साइडचा, म्हणजे आवाज साठवणारा थर भुकटी होऊन हेडवर बसू लागतो.

यात आधी मरतो तो झांजांचा आवाज. टेपचा वेग सेकंदाला 15 इंच धरला, तर 15 किलोहर्ट्झच्या एका लहरीला टेपवर इंचाचा हजारावा भाग, म्हणजे जेमतेम 25 मायक्रॉन जागा मिळते. हेड आणि टेपमध्ये एका मायक्रॉनचं अंतर पडलं तरी तो आवाज सुमारे 2 डेसिबल उतरतो. उलट 100 हर्ट्झची लहर पावणेचार मिलिमीटरहून लांब असते, तिला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून बास ठणठणीत वाटत राहतो आणि स्नेअरची (कडक वाजणाऱ्या लहान ड्रमची) धार कधी गेली ते कळत नाही. इथे तसंच झालं. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर वेगळे ओळखू येईनात, तेव्हा कुठे टेप झिजल्याचं लक्षात आलं.

सुदैवाने पाया घेताना दुसऱ्या यंत्रावरही तोच ताल उतरवून ठेवला होता आणि ती प्रत फारशी वाजवलेली नव्हती. ठरलं असं, की झिजलेल्या टेपवरचे गळे आणि गिटारी त्या कोऱ्या ड्रमांशेजारी नेऊन बसवायच्या. पण दोन्ही यंत्रं एकमेकांना बांधणारी काहीच सोय नाही. वेगात हजारात एकाचा फरक राहिला तरी चार मिनिटांच्या गाण्यात पाव सेकंदाची तफावत पडते! तेव्हा हेडफोनच्या एका कानात एका टेपचे हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि स्नेअर, दुसऱ्या कानात दुसऱ्या टेपचे. दोन्ही जुळले की आवाज डोक्याच्या मध्यभागी उभा राहतो, एक टेप किंचित पुढे गेली की त्या बाजूला सरकतो. व्हेरिस्पीडची, म्हणजे टेपचा वेग कमी-जास्त करायची कळ बोटात धरून तो मध्यावर राखायचा, आणि हे गाण्यामागून गाणं. आज ‘गो युअर ओन वे’मधला स्नेअर कोरा करकरीत ऐकू येतो तो या कसरतीमुळे. ज्याला रेकॉर्डिंगचं वेड आहे त्याने हा अल्बम याच एका कारणासाठी घ्यावा, असं आमचं मत.

बाकीच्या जागाही कान देण्यासारख्या आहेत. ‘ड्रीम्स’मध्ये ड्रमचे आठ बार (चार-चार मात्रांची आवर्तनं) कापून लूप केलेले, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवलेले आहेत. मिनिटाला 120 मात्रा म्हणजे आठ बारांना 16 सेकंद, 15 इंच वेगाला 20 फूट टेपचं वेटोळं. ‘नेव्हर गोइंग बॅक अगेन’साठी दर वीस मिनिटांनी गिटारच्या तारा बदलल्या. नव्या तारेची चमक तेवढीच टिकते. ‘द चेन’ तर ब्लेडने कापून जोडलेलं गाणं आहे. जुन्या गाण्याचं फक्त शेपूट ठेवलं आणि पुढचा भाग नवा रचला. तीन मिनिटांच्या आसपास एकटा बास येतो, ती जागा ऐका.

आता मूळ प्रश्न. एलपीवर एका बाजूला सुमारे वीस मिनिटं आहेत, ही चांगली मर्यादा. याहून ताणलं तर ग्रूव्ह (तबकडीवरच्या चऱ्या) दाटीने बसवावे लागतात आणि आवाज उतरतो. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणं मूळ अल्बमातून गळलं ते मुख्यतः जागेपायी. दुखणं बाजूच्या शेवटी आहे. बाहेरच्या कडेला ग्रूव्ह सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकतो, लेबलाजवळ 21. टेपचाच हिशेब इथेही लागू: तेवढ्याच लहरीला निम्म्याहून कमी जागा. पहिल्या बाजूच्या शेवटी ‘साँगबर्ड’ येतं. बर्कलीच्या झेलरबाख सभागृहात घेतलेला पियानो, हलकी गिटार आणि एकटा गळा, म्हणजे खरखर लपवायला काही नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी ‘गोल्ड डस्ट वुमन’, तिथे साध्या गोल सुईवर ‘स’ फाटतो. 45 वर बाजू दहा मिनिटांची, सुई लेबलापासून बरीच लांब थांबते आणि वेगही एक-तृतीयांशाने जास्त. ही दोन गाणी तिथे सरळसरळ वेगळी लागतात. पहिल्या गाण्यात मात्र फरक शोधावा लागतो.

एक दोष 45 नेही जात नाही. मधलं भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल, तर लेबलाजवळ पियानोचा सूर अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका वर-खाली डुलतो. प्रत घरी आली की आधी ‘साँगबर्ड’ लावा आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) डावी-उजवीकडे झुलतो का बघा. झुलत असेल तर लगेच बदलून घ्या.

सुई साधी गोल असेल तर संचावर खर्च करण्याआधी लंबवर्तुळाकार टोकाची सुई घ्या आणि 33 ची एलपीच ठेवा. सुई आधीच चांगली असेल तर 45 घ्यायला हरकत नाही. जुनी प्रत घेताना लेबलाजवळचा शेवटचा सेंटिमीटर दिव्याखाली तिरपा धरून पाहावा. तिथे राखाडी झाक असेल तर ‘साँगबर्ड’ गेलं समजायचं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यातून आलेल्या प्रतीवर पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. डिस्टिल्ड पाण्याने धुतल्याशिवाय सुई टेकवू नका, आणि आतलं कागदी पाकीट फेकून द्या.