स्पिंडल मोल्डरवर गोलाईचं काम: रिंग गार्डचा संच घ्यावा का?

स्पिंडल मोल्डर म्हणजे टेबलातून वर आलेल्या उभ्या दांड्यावर कटर फिरवून लाकडाच्या कडा घडवणारं मशीन. त्याची सरळ फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सारायची आधारपट्टी, उतरवली की टेबलाच्या मधोमध उघडा कटर उरतो, आणि गोलाईचं काम तिथूनच सुरू होतं. लाकूड टेकवायला सरळ आधार नाही, मागे अडवायला काही नाही, आणि सारण्याची दिशा सतत बदलत राहते. कमानदार चौकटी आणि खुर्च्यांच्या वळणदार पाठी हे माझं नेहमीचं काम आहे. म्हणून गोलाईसाठी वेगळा मिळणारा रिंग गार्डचा संच मी घेतला, आणि आता त्यावर भरपूर काम झालंय. या रचनेचे संच अनेक कंपन्या बनवतात, तपशील थोडेफार बदलतात. त्यामुळे कंपनीपेक्षा रचनेबद्दलच लिहिते.

टेबलाला बोल्टने बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा हात, त्याला कटरच्या वर धरलेली पोलादी रिंग, रिंगभोवती खालीवर होणारा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पडदा, मागे भुसा ओढणाऱ्या पाइपसाठी १२० मिमीचं तोंड, आणि स्पिंडलवर चढवायची वेगवेगळ्या व्यासाची बॉल बेअरिंग्ज, एवढं संचात येतं. पाती धरणारं कटर हेड येत नाही, ते आपलं आपण घ्यायचं.

आधी रिंगबद्दल, कारण पैसे तिचे आहेत. गोलाईत लाकूड फर्म्याला, म्हणजे हव्या त्या वळणाच्या नमुन्याला, जोडतात आणि फर्मा बेअरिंगला किंवा रिंगला टेकवून सारतात. बेअरिंग कटरशी एककेंद्री असतं, म्हणजे त्याला कुठूनही टेकलं तरी काप तेवढाच खोल. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण धोका त्यातच आहे. फर्मा बेअरिंगला टेकण्याच्या आधी लाकूड पात्यांना लागलं, तर ते पूर्ण खोलीवर एकदम पकडलं जातं आणि हातातून फेकलं जातं. रिंगचं तसं नाही. माझ्या संचातल्या रिंगचा बाहेरचा व्यास १८० मिमी आहे आणि मी वापरते त्या कटर हेडचा १२५ मिमी. रिंग अशी मागे सरकवून बसवायची की समोरच्या एकाच बिंदूवर तिची कड आणि पात्यांची धार एका रेषेत येतील. त्या बिंदूवर बाणाची खूण असते. खुणेच्या दोन्ही बाजूंना रिंग पात्यांच्या बाहेर असते, त्यामुळे तिथे फर्मा टेकवला तर लाकडाला पातं लागतच नाही. आधी बाजूला टेकायचं, मग फर्मा रिंगवरून खुणेकडे वळवत न्यायचा. काप शून्यापासून वाढत वाढत पूर्ण खोलीला पोचतो. हात खुणेवरून जरा सरकला तर काप कमी होतो, जास्त कधीच होत नाही. राहिलेलं लाकूड दुसऱ्या फेरीत निघतं.

हे सगळं सुरक्षिततेचं झालं, आणि संचाच्या पुस्तिकेत रिंगचा गुण म्हणून तेवढंच लिहिलंय. मला मात्र तिचा खरा उपयोग लाकडाच्या रेषांमुळे कळला.

कमानीचा एक तुकडा घ्या. रेषा त्याच्या लांबीला सरळ धावतात, पण कड वळलेली असते. बाहेरच्या, फुगीर कडेवर माथ्यापासून टोकाकडे उतरत गेलं तर पातं रेषांच्या कलाने जातं आणि कड गुळगुळीत निघते. टोकाकडून माथ्याकडे चढत गेलं तर तेच पातं रेषांच्या मुळाशी घुसतं, चिरफळ्या उडतात, आणि एखादी फट आत धावली तर लाकूडही उसळतं. आतल्या, खोलगट कडेला दोन्ही टोकांकडून मध्याकडे उतरायचं. कोरीव रंध्याने हातकाम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं, हाताला ते आपोआप कळतं. स्पिंडल मोल्डरवर मात्र कटर एकाच दिशेने फिरतो आणि लाकूड नेहमी त्याच्या फिरण्याच्या विरुद्धच सारायचं असतं. हाताने सारताना कटरच्या दिशेने लाकूड देणं म्हणजे ते त्याच्या हवाली करणं. ते कधीही करू नये. म्हणजे कमानीचा अर्धा भाग कलाने निघतो, आणि अर्धा रेषांच्या विरुद्ध.

यावर उपाय एकच: अर्धी कड कापायची, तुकडा पालथा करायचा आणि उरलेली अर्धी पुन्हा माथ्यापासून उतरत कापायची. सरळ धारेची पाती असतील तर पालथं करण्याने काही बिघडत नाही. पण माथ्यापासून सुरू करायचं म्हणजे वळणाच्या मध्यावर कटरला भेटायचं. बेअरिंगवर हे मी करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही. बेअरिंगला सुरुवात हवी असते ती तुकड्याच्या पुढे निघालेल्या फर्म्याच्या शेपटीवर. आधी शेपूट टेकते, मग लाकूड येतं. वळणाच्या मध्यावर शेपूट कुठून आणणार? रिंगवर मात्र माथा बाजूला टेकवून खुणेकडे वळवता येतो, आणि काप हळूच सुरू होतो. आंबा किंवा अ‍ॅशसारख्या लाकडाच्या कमानी आता पॉलिश पेपरच्या एका हाताने तयार होतात. पूर्वी ज्या बाजूला रेषा उलट्या यायच्या तिथे दीड-दोन मिलिमीटर खोल उपटलेले खड्डे भरत बसावं लागे. निव्वळ एवढ्यासाठी मी हा संच पुन्हा घेईन.

ज्या कमानीचे दोन्ही अर्धे सारखे, तिथे एकच फर्मा दोन्ही बाजूंना चालतो, फक्त लाकूड धरणाऱ्या स्क्रूंची भोकं मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर पाडायची. फर्मा मी १२ मिमीच्या बर्च प्लायचा करते. कडेवर बोट फिरवलं की जे जाणवेल ते सगळं लाकडावर उतरतं, म्हणून कड घासण्यात मी वेळ काढत नाही असं कधी होत नाही. रिंग फिरत नसल्याने फर्मा तिच्यावर घासतो. कडेला मेण चोळलं की हात हलका चालतो.

आता तक्रारी. रिंग कटरच्या वर असते, म्हणून फर्माही लाकडाच्या वर यावा लागतो आणि काप फर्म्याच्या खाली लपतो. धोक्याच्या दृष्टीने हे उत्तम आहे, पण लाकूड धरायचं कशाने? टॉगल क्लॅम्प, म्हणजे खटक्याने वरून दाबून धरणारे चिमटे, लावायचे तर लाकूड फर्म्यावर हवं. चौकटीच्या कमानीला सांध्यात झाकला जाणारा किंवा पुढे खाचेत जाणारा भाग असतो, तिथे वरून स्क्रू मारता येतात. खुर्चीच्या पाठीला असा लपणारा भाग जवळजवळ नसतोच. त्यामुळे पाठींसाठी मी फर्मा खाली ठेवते, वर टॉगल क्लॅम्प लावते आणि रिंग काढून बेअरिंगवर काम करते. म्हणजे संच एक, पण पद्धती दोन, आणि कुठल्या कामाला कुठली हे आधी ठरवावं लागतं. शिवाय ९० मिमीपेक्षा लहान त्रिज्येच्या आतल्या गोलाईत ही रिंग शिरूच शकत नाही. तिथेही लहान बेअरिंग आणि त्याला साजेसं लहान कटर हेड लागतं.

बेअरिंग्ज चांगल्या प्रतीची आहेत, तरी एक सवय लावून घ्यावी. मेन स्विच बंद करून, स्पिंडल एका हाताने धरून बेअरिंगची बाहेरची कडी दुसऱ्या हाताने फिरवून पाहायची. लाकडाची राळ आणि भुसा आत जाऊन ती अडकली तर बाहेरची कडीही स्पिंडलच्या वेगाने फिरते, फर्म्याची कड जाळते आणि फर्मा ओढून नेते. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीने विचारलं, "ताई, कालच तर पाहिलं होतं ना?" काल पाहिलं होतं, तरी आजही पाहायचं. आता ती मला आठवण करते.

पडदा पारदर्शक असला तरी भुशाने आणि पुसण्याने लवकर धुरकट होतो. त्याहून वाईट म्हणजे बाणाची खूण नुसती रंगवलेली आहे, आणि फर्म्याच्या घासण्याने ती पुसत जाते. ज्या बिंदूवर सगळं काम अवलंबून आहे त्याची खूण कोरलेली हवी होती. मी खाच पाडून तिच्यात लाल रंग भरला. भुसा ओढणारं तोंड पडदा लाकडाच्या अगदी जवळ आणला तरच नीट काम करतं. वर ठेवला तर चुरा तोंडावर येतो. अर्थात पडदा खाली असणं हेच बरोबर आहे, बोटांसाठीही.

एवढं चांगलं उपकरण घेऊनही जे करावंच लागतं, ते पुस्तिकेत फार थोडक्यात उरकलंय. गार्ड लाकूड धरत नाही. लाकूड धरतो तो फर्मा. लाकूड बँडसॉवर रेघेपासून दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आणून मगच मशीनवर न्यायचं. गठ्ठ्याने लाकूड काढायचं काम कटरचं नाही. फर्म्याला दोन मुठी हव्यात, आणि माझा नियम असा की मूठ कापल्या जाणाऱ्या कडेपासून १५० मिमीच्या आत येत नाही. तुकडा लहान असेल तर फर्मा मोठा करायचा, मूठ पुढे आणायची नाही. हातमोजे घालायचे नाहीत, बाही कोपराच्या वर.

कटर हेडच्या बाबतीत तडजोड नको. हाताने सारायच्या कामाला त्यावर 'एमएएन' हा ठसा हवा. युरोपातल्या ईएन ८४७-१ या मानकाप्रमाणे त्याचा अर्थ, हे हत्यार हाताने सारण्यासाठी बनवलंय. अशा हेडमध्ये पात्यापुढे लिमिटर, म्हणजे कापाची खोली अडवणारा तुकडा, असतो आणि पातं त्याच्या बाहेर जास्तीत जास्त १.१ मिमी येतं. त्यामुळे लाकूड झटक्यात आत ओढलं गेलं तरी पातं खोलवर घुसू शकत नाही. वेग कमी ठेवला की सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. १२५ मिमीचं हेड मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातं. याच्याहून फार खाली आलं की प्रत्येक पातं मोठा घास घेतं आणि लाकूड उसळण्याची शक्यता वाढते. उलट २०० मिमीचं हेड ९००० फेऱ्यांवर लावलं तर टोक ९४ मीटरला जातं, आणि ते हेड फुटण्याच्या वाटेवर असतं. हेडवर कोरलेली कमाल फेऱ्यांची संख्या वाचायची आणि पट्टा त्याप्रमाणे बदलायचा.

उभं राहण्याबद्दल एक. सरळ कामात माणूस एका जागी उभा राहतो. गोलाईत खुणेवर स्पर्श टिकवायचा तर फर्म्याबरोबर पायही वळावे लागतात. फक्त मनगटं वळवली की स्पर्श खुणेवरून घसरतो आणि कड लहरी निघते. मशीन बंद ठेवून, पाती उतरवून, पूर्ण वळण चालून पाहायचं: पाय कुठे पडतात, पाइप आडवा येतो का, लांब कमानीचं टोक कशाला लागतं. या संचाचा कसायचा दांडा नेमका डाव्या बाजूला बाहेर येतो आणि मीटरभर लांबीची कमान त्याला अडते. तो दांडा काढून मी षटकोनी डोक्याचा बोल्ट लावला.

ज्यांना अधूनमधून एखादी लहान गोलाई काढायची असते त्यांनी हा संच घेऊ नये. नीट पडदा असलेलं बेअरिंग आणि चांगला फर्मा त्यांना पुरेल. कमानी, गोल चौकटी, जिन्याचे वळणदार कठडे यांचं काम नियमित असेल तर मात्र घ्यावा. मागवण्याआधी स्पिंडलचा व्यास, स्पिंडलपासून टेबलाच्या मागच्या कडेचं अंतर आणि फेन्सच्या बोल्टांची भोकं मोजून विक्रेत्याला कळवा. माझ्या टेबलाची भोकं जुळली नाहीत. बिडाच्या टेबलात नवी भोकं पाडून आटे काढून घ्यावे लागले, आणि ते काम आटे पाडण्याची सवय असलेल्याकडूनच करून घेतलं.